धूळ जिथे जन्मते तिथेच

नव्या इमारतीचा ताबा मिळाला की पुढचे काही महिने तिथल्या मजल्यामजल्यावर एकच आवाज भरून राहतो, प्लाय कापणाऱ्या कटरचा. हॉलमध्ये आठ बाय चारच्या शीट भिंतीला टेकवून ठेवलेल्या असतात. बेडरूममध्ये दोन घोड्यांवर एक शीट आडवी पडलेली असते. शेजाऱ्यांची तक्रार नको म्हणून दार लावून घेतलेलं असतं आणि धूळ बाहेर उडू नये म्हणून खिडक्याही. आत तीन-चार माणसं काम करत असतात. कुणाच्या तोंडाला रुमाल असतो, कुणाच्या तोही नसतो.

त्यांच्या हातातला कटर मुळात लाकडासाठी बनलेलाच नाही. तो संगमरवर आणि टाइल कापायचा. चार इंची पातं, मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे. लहान, हलका आणि खिशाला परवडणारा, म्हणून सुतारांनी त्याला लाकडाचं पातं लावलं. पुष्कळ साइटवर तो उलटा करून प्लायच्या तक्त्याखाली बोल्टनं आवळतात आणि त्याचंच टेबल करतात. पात्याच्या दात्यांचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात जातो. एवढ्या वेगानं सुटणारी धूळ ओढून घेण्यासाठी पाइप जोडायला या कटरला जागाच ठेवलेली नसते.

गेल्या काही वर्षांत याच कामाकडे आणखी एक माणूस वळला आहे, तो म्हणजे हौशी सुतार. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी बाल्कनीत, पार्किंगमधल्या खोलीत किंवा बंगल्याच्या गॅरेजमध्ये तो स्वतःचं टेबल स्वतः करतो. त्याच्याकडे चांगली करवत असते, आणि ती घेतल्यावर महिनाभरात त्याला प्रश्न पडतो की धुळीसाठी कुठला एक्स्ट्रॅक्टर घ्यावा. मिस्त्रीला हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि त्यानं विचारला तर उत्तर द्यायला कुणी थांबत नाही. श्वास मात्र दोघंही त्याच हवेत घेतात, म्हणून हा लेख दोघांसाठी आहे.

यंत्राची निवड दुकानात सुरू होत नाही, ती करवतीच्या पात्यापाशी सुरू होते. पात्यापासून वीतभर अंतरात धूळ पकडली तरच ती पकडली गेली. एकदा खोलीभर पसरली की कितीही महागडं यंत्र ती सगळी परत आणू शकत नाही.

एका कापाचा हिशेब

अठरा एमएमच्या प्लायची आठ फुटी शीट उभी कापली आणि पात्यानं दोन मिलिमीटर जाडीची फट पाडली, तर त्या एका कापातून पन्नास ग्रॅमच्या आसपास लाकूड भुकटी होऊन बाहेर पडतं. आता दहा बाय बाराची बेडरूम घेऊ. तिच्यात साधारण बत्तीस घनमीटर हवा मावते. ब्रिटनमध्ये कठीण लाकडाच्या धुळीसाठी कामाच्या जागी घालून दिलेली मर्यादा, आठ तासांच्या सरासरीनं, घनमीटरमागे ३ मिलिग्रॅम आहे. युरोपीय संघानं २०२३पासून ती २ मिलिग्रॅमवर आणली. अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेची शिफारस तर १ मिलिग्रॅमची आहे. ब्रिटनचा सैल आकडा धरला तरी त्या अख्ख्या बेडरूमच्या हवेत ग्रॅमच्या दहाव्या भागापेक्षा जास्त धूळ तरंगता कामा नये. म्हणजे एका कापातला पाचशेवा भाग हवेत राहिला की मर्यादा गाठली. मिस्त्री दिवसाला असे कितीतरी काप घेतो.

शिवाय सगळी धूळ सारख्या गतीनं खाली बसत नाही. शंभर मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षा थोडा जाड कण माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून काही सेकंदांत जमिनीवर येतो. दहा मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेत आठ-नऊ मिनिटं लागतात. पाच मायक्रॉनच्या कणाला अर्धा तास लागतो, आणि एक मायक्रॉनचा कण बारा तास तरंगत राहू शकतो. खोलीत पंखा चालू असेल तर हा हिशेब आणखी लांबतो. काम संपवून, झाडू मारून, लादी पुसून माणूस 'आता स्वच्छ झालं' असं म्हणतो तेव्हा सर्वांत बारीक धूळ अजून त्याच्या नाकासमोर असते. कोरड्या झाडूनं खाली बसलेलीही पुन्हा वर उठलेली असते.

हाय विकमचा धडा

लाकडाची धूळ म्हणजे खोकला, शिंका आणि फार तर दमा, असा समज जगभर बराच काळ होता. तो मोडला इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशरमधल्या हाय विकम या गावानं. हे खुर्च्यांचं गाव. आसपासच्या चिल्टर्न टेकड्यांवर बीचची जंगलं होती, आणि त्या लाकडावर इथले फर्निचरचे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या चालले. १९६०च्या दशकात तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉक्टर एस्मी हॅडफिल्ड यांच्या लक्षात आलं की नाकाच्या आतल्या पोकळीचा एक दुर्मीळ कर्करोग त्यांच्याकडे वारंवार येतो आहे आणि रुग्णांमध्ये लाकूडकाम करणारे पुष्कळ आहेत. ऑक्सफर्डचे डॉक्टर मॅकबेथ यांनाही तेच दिसत होतं. १९६८ साली अ‍ॅचिसन, काउडेल, हॅडफिल्ड आणि मॅकबेथ या चौघांचा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला, आणि फर्निचर कामगारांच्या नाकातला कर्करोग हा वैद्यकशास्त्राचा विषय झाला. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात टाकलं. माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा ज्यांच्याबद्दल आहे, अशा गोष्टींचा हा गट. प्लाय आणि एमडीएफच्या गोंदातून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइडबद्दल २००४ साली हाच निर्णय झाला.

या आजाराला अनेक दशकं लागतात. विसाव्या वर्षी हातात करवत घेतलेल्या मुलाला साठीत त्याचं बिल येतं, तेव्हा ज्या घरांमध्ये त्यानं कपाटं बसवली त्यांतल्या कुणालाही ते कळत नाही. दमा आणि त्वचेचे विकार मात्र इतकी वाट पाहत नाहीत. सागाच्या लाकडातली काही नैसर्गिक द्रव्यं कातडीला खाज आणि पुरळ आणतात, आणि शिसवीच्या जातीच्या लाकडांतही अशी द्रव्यं असतात. ज्या गुणांमुळे सागाला वाळवी लागत नाही, तेच गुण सुताराच्या मनगटावर उठतात.

नाकातल्या कर्करोगाला कारण ठरते ती फार बारीक धूळ नव्हे. नाकातच अडकणारे मोठे कण तिथे मुक्काम करतात. फुप्फुसात खोल जातात ते दहा मायक्रॉनखालचे. म्हणून 'दिसणारी धूळ निरुपद्रवी, न दिसणारी वाईट' अशी सोपी वाटणी करता येत नाही. यंत्राला दोन्ही पकडावे लागतात, आणि दोन्ही पकडण्याचे नियम वेगळे आहेत.

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या परिसरात एका वयस्कर मिस्त्रींशी बोलणं झालं. मूळचे सिंधुदुर्गातले. मी विचारलं, "काका, मास्क का नाही लावत?" ते म्हणाले, "ताई, मास्क लावला की चष्म्यावर वाफ धरते. रेघ दिसत नाही. रेघ चुकली की शीट वाया, आणि शीटचे पैसे आमच्याच मजुरीतून कापतात." हे उत्तर बेपर्वाईचं नाही, कामाच्या अनुभवातून आलेलं आहे. मास्क हवाच. एन-९५ किंवा त्या तोडीचा, नाकाच्या हाडाला नीट बसणारा मास्क हा शेवटचा बचाव आहे, आणि तो घट्ट बसला तर चष्म्यावर वाफही कमी येते. पण दिवसाचे आठ तास, मे महिन्यात, बंद खोलीत तो लावून राहा असं सांगून आपली जबाबदारी संपत नाही. उपाय आधी पात्यापाशी हवा, माणसाच्या तोंडावरचा त्यानंतर.

करवत आधी, यंत्र नंतर

प्रत्येक करवत धूळ वेगळ्या दिशेला फेकते. हातात धरायच्या सर्क्युलर सॉचं पातं लाकडातून खालून वर कापत येतं. धूळ वरच्या झाकणात चढते, तिथून फिरून मागे येते. म्हणून झाकणाच्या मागच्या बाजूला पाइपाचं तोंड असलेली सर्क्युलर सॉ घेतली तर निम्मी लढाई जिंकलेली असते. त्याहून पुढची म्हणजे रुळावर चालणारी प्लंज सॉ. तिचं पातं पूर्ण झाकलेलं असतं, आणि शीट मधून कापताना खालचं लाकूडच चौथी भिंत होतं. चांगला एक्स्ट्रॅक्टर जोडला तर घरातल्या घरात प्लाय कापायला इतकी स्वच्छ करवत दुसरी नाही. तिची कमजोरी एकच, शीटची कडा दोन-चार मिलिमीटर तासायची असेल तेव्हा पात्याची एक बाजू उघडी पडते आणि धूळ तिथून निसटते. त्या वेळी शेजारी त्याच जाडीचा एक तुकडा लावून ती बाजू बंद करावी. शीटखाली थर्मोकोलचा किंवा टाकाऊ प्लायचा तक्ता घातला तर खालून सुटणारी धूळही कमी होते.

टेबल सॉ उलट वागते. तिचे दाते कापणाऱ्याच्या बाजूनं वरून खाली येतात, त्यामुळे बहुतेक धूळ टेबलाखाली पडते. पण दात्यांच्या खाचांत अडकलेली धूळ पात्याबरोबर फिरून वर येते आणि थेट कापणाऱ्याच्या छातीवर सुटते. म्हणजे टेबल सॉला दोन जागी ओढ लागते, खाली पेटीतून आणि वर पात्याच्या गार्डमधून. नुसती खालची पेटी जोडून 'माझी टेबल सॉ एक्स्ट्रॅक्टरवर आहे' असं समाधान मानणाऱ्याच्या छातीवर धूळ उडतच राहते.

सर्वांत अवघड मायटर सॉ. तिचं पातं धूळ मागच्या बाजूला झाडतं, कोन बदलला की दिशाही बदलते, आणि कंपनीनं दिलेली छोटी पिशवी त्यातली थोडीच धरते. तिच्या मागे तिन्ही बाजूंनी बंद अशी प्लायची पेटी करून त्या पेटीला मोठा पाइप जोडणं, हाच टिकाऊ उपाय. जिगसॉ आणि बँडसॉ तुलनेनं शांत, पण बारीक धूळ त्यांचीही असते. मार्बल कटर या यादीत सर्वांत खाली आहे. त्याला पाइप जोडायची सोयच नसल्यानं त्याच्यासाठी एक्स्ट्रॅक्टर निवडण्यात अर्थ नाही. आधी कटर बदलावा लागतो.

आणखी एक वाट आहे, आणि ती पुष्कळदा सर्वांत स्वस्त पडते. मापं पक्की असतील तर शीट बाहेरूनच कापून आणाव्यात. मोठ्या शहरांत पॅनल सॉवर शीट कापून देणाऱ्या जागा आता मिळतात, आणि तिथली धूळ तिथल्या मोठ्या यंत्रणेत जाते. घरात राहतं ते जुळवणीचं आणि बसवण्याचं काम. ज्या घरात लहान मूल किंवा दमेकरी आहे, तिथे हा विचार सर्वांत आधी व्हावा.

हवा किती, ओढ किती

बाजारात धूळ ओढणाऱ्या यंत्रांची दोन घराणी आहेत, आणि बहुतेक चुकीच्या खरेद्या या दोघांतला फरक न कळल्यानं होतात.

पहिलं घराणं व्हॅक्युमचं. वर्कशॉप व्हॅक्युम आणि एक्स्ट्रॅक्टर नावानं विकली जाणारी यंत्रं याच घराण्यातली. मोटर हजार-बाराशे वॉटची, पाइप २७ ते ३६ मिलिमीटरचा. याची ओढ जबरदस्त असते. पाण्याचा दोन-सव्वादोन मीटर उंच स्तंभ ते पेलू शकतं. पण हवा थोडी हलवतं, तासाला दोनशे-सव्वादोनशे घनमीटर, आणि तीही पाइप न लावता मोजलेली. दुसरं घराणं पंख्याचं. मोठा पंखा, खाली प्लास्टिकची आणि वर कापडाची पिशवी, शंभर मिलिमीटरचा किंवा त्याहून मोठा पाइप. एक-दोन हॉर्सपॉवरच्या यंत्रावर तासाला हजार-दोन हजार घनमीटर हवेचा आकडा छापलेला असतो, पण पाण्याचा स्तंभ मात्र जेमतेम दहा-वीस सेंटिमीटरचाच.

भुसा पाइपातून न साचता वाहून न्यायचा तर हवेचा वेग सेकंदाला वीस मीटरच्या आसपास लागतो. ३६ मिलिमीटरच्या पाइपात हा वेग मिळवायला तासाला ७० ते ७५ घनमीटर हवा पुरते. शंभर मिलिमीटरच्या पाइपात तोच वेग हवा असेल तर साडेपाचशेहून जास्त लागते. म्हणून व्हॅक्युमला शंभरचा पाइप जोडून टेबल सॉच्या पेटीला लावला तर हवा रेंगाळते आणि भुसा पाइपातच बसतो. उलट पंख्याच्या यंत्राला अरुंद पाइप जोडून प्लंज सॉला लावला तर त्याची सगळी ओढ पाइपाच्या घर्षणात आणि करवतीच्या चिंचोळ्या तोंडात संपते. तेवढीच हवा न्यायची असताना पाइपाची रुंदी निम्मी केली तर अडथळा जवळजवळ बत्तीस पटींनी वाढतो. लांबी दुप्पट केली तर दुप्पटच होतो. पाइप जितका आखूड, गुळगुळीत आणि करवतीच्या तोंडाला साजेल इतका रुंद, तितकं यंत्राचं काम हलकं.

डब्यावर छापलेले दोन आकडे, सर्वाधिक हवा आणि सर्वाधिक ओढ, कधीही एकत्र मिळत नाहीत. हवेचा आकडा तोंड पूर्ण उघडं असतानाचा असतो, ओढीचा आकडा तोंड पूर्ण बंद असतानाचा. आपलं काम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालतं. मोटरच्या वॉटवरून तर काहीच ठरत नाही. दुकानदाराला विचारायचं ते हे: या करवतीला, या पाइपानं, पिशवी अर्धी भरल्यावर काय मिळेल? आणि शक्य असेल तर आपली करवत सोबत नेऊन, जोडून, एक काप घेऊन पाहायचं.

थोडक्यात, हातातल्या करवती, जिगसॉ आणि सँडर असतील तर व्हॅक्युमच्या घराण्यातला एक्स्ट्रॅक्टर घ्यावा. टेबल सॉ, बँडसॉ किंवा रंधा मशीन असेल तर पंख्याचं यंत्र घ्यावं, आणि टेबल सॉच्या वरच्या गार्डला एक्स्ट्रॅक्टरचा वेगळा पाइप द्यावा. एका यंत्रात दोन्ही कामं करून पैसे वाचवायला जाणारा शेवटी दोन्ही यंत्रं घेतो.

पिशवीच्या पलीकडे

ओढलेली हवा परत खोलीतच सोडायची असते, म्हणून खरी परीक्षा फिल्टरची. कापडाची साधी पिशवी लावलेलं पंख्याचं यंत्र एखाद्या चाळणीसारखं काम करतं. ढलप्या आणि जाड भुसा धरतं, बारीक धूळ खोलीभर उडवतं. जमीन स्वच्छ दिसते आणि हवा आधीपेक्षा वाईट होते. अशा यंत्राला घड्या घातलेला, एक मायक्रॉन किंवा त्याखालचे कण धरणारा डबाफिल्टर बसवावा. जागा असेल तर यंत्र घराबाहेरच्या शेडमध्ये ठेवून हवा बाहेर सोडावी, मात्र शेजाऱ्याच्या खिडकीकडे तोंड करून नव्हे.

एक्स्ट्रॅक्टरच्या बाबतीत युरोपची एक वर्गवारी आपल्याला फार उपयोगी पडते. 'एल' वर्गाचं यंत्र चाचणीच्या धुळीतला जास्तीत जास्त १ टक्का बाहेर सोडू शकतं, 'एम' वर्गाचं ०.१ टक्का आणि 'एच' वर्गाचं ०.००५ टक्का. लाकडाच्या धुळीसाठी 'एम' वर्ग हा किमान समजावा. या वर्गाची आणखी एक अट आहे. पाइपातला वेग सेकंदाला वीस मीटरच्या खाली गेला की यंत्रानं आवाज करून सांगितलं पाहिजे. म्हणून त्यावर पाइपाचा व्यास निवडायचं बटण असतं, आणि ते पाइपाप्रमाणे न फिरवणाऱ्याला ही सोय असून नसल्यासारखी होते. डब्यावरचा नुसता 'हेपा' शब्द पुरेसा नाही. फिल्टर उत्तम आणि झाकणाचं रबर सैल असेल तर धूळ रबराशेजारून निघते. पूर्ण यंत्राला वर्गाचं प्रमाणपत्र आहे का, हे विचारावं.

फिल्टरवर धूळ बसत जाते तशी हवा घटते. त्यामुळे स्वतःच फिल्टर झटकणारी सोय, किंवा निदान बाहेरून बटण दाबून झटकायची सोय, सँडिंग करणाऱ्याला फार मोलाची. फिल्टर काढून बाल्कनीच्या कठड्यावर आपटला की दिवसभर पकडलेली धूळ एका क्षणात मोकळी होते आणि आपटणाऱ्याच्याच नाकात जाते. म्हणून बंद होणारी पिशवी वापरावी. ती विकत घ्यावी लागते, आणि हा वरकड खर्च नसून यंत्राच्या किमतीचाच भाग आहे असं धरावं.

पिशव्यांचा खर्च वाचवायला सायक्लोन उत्तम. शंकूच्या आकाराच्या या भांड्यात हवा गरगर फिरते, जड भुसा कडेला फेकला जाऊन खालच्या बादलीत पडतो आणि बारीक धूळच तेवढी पुढे फिल्टरकडे जाते. लाकडाच्या गिरण्यांच्या छपरांवर असे सायक्लोन विसाव्या शतकाच्या आधीपासून आहेत. आपल्याकडचे हौशी सुतार छोटा सायक्लोन वीस लिटरच्या रंगाच्या रिकाम्या बादलीवर बसवतात. बादली मात्र जाड हवी. पाइप मध्येच तुंबला तर व्हॅक्युमची ओढ पातळ बादलीला चेपून टाकते. सायक्लोन हा फिल्टरचा सोबती आहे, फिल्टरला पर्याय नाही.

घरातली वीज, घरातला पावसाळा

चौदाशे वॉटची करवत आणि बाराशे वॉटचा एक्स्ट्रॅक्टर मिळून अकरा-साडेअकरा अँपिअर खेचतात. घरातला सहा अँपिअरचा साधा पॉइंट यासाठी नाही. गीझर किंवा एसीचा सोळा अँपिअरचा पॉइंट लागतो, आणि एक्स्टेन्शन बोर्ड वापरायचा तर जाड वायरचा, पूर्ण उलगडलेला. ज्या एक्स्ट्रॅक्टरवर करवतीसाठी सॉकेट असतं तो घ्यावा. करवतीचं बटण दाबलं की तो आपोआप सुरू होतो आणि करवत थांबल्यावर काही सेकंद चालत राहून पाइप रिकामा करतो. ही चैन वाटते, पण यंत्र सुरू करायला दर वेळी वाकावं लागलं तर दुपारनंतर माणूस वाकणं सोडून देतो. जी सवय सोपी नाही ती टिकत नाही.

कोरड्या दिवसांत पाइपात स्थिर वीज साठते आणि हाताला झटका बसतो. त्यासाठी अँटिस्टॅटिक पाइप आणि चालू अर्थिंग हवं. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खोचून ही सोय कुणी मारू नये. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, उलट अडचण येते. दमट धूळ कागदी फिल्टरवर लेप धरते आणि त्यात बुरशी येते. जूनमध्ये काम थांबवणार असाल तर पिशवी आणि बादली रिकामी करून फिल्टर कोरड्या जागी ठेवावा.

आगीबद्दल दोन गोष्टी ठामपणे पाळाव्यात. ज्या एक्स्ट्रॅक्टरमध्ये भुसा आहे त्यावर लोखंड घासणारा ग्राइंडर कधीही जोडू नये, कारण एक ठिणगी भुशात तासन्‌तास धुमसत राहू शकते. जुनं लाकूड कापताना आतला खिळाही तेच करतो, म्हणून दिवसाचं काम संपलं की पिशवी घराबाहेर काढावी. जवसाच्या तेलानं पुसलेली फडकी त्याच डब्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेटतात.

यंत्र घेतल्यावर ते काम करतं का, हे पाहायला कुठलंही महाग उपकरण लागत नाही. रात्री दिवे मालवून एका बाजूला जोरदार टॉर्च लावावी आणि तिच्या झोताच्या बाजूनं, झोत आपल्याकडे येईल असं उभं राहून दुसऱ्याला एक काप घ्यायला सांगावं. पात्याजवळून निसटणारी धूळ त्या झोतात लख्ख दिसते, ती कुठून निसटते तेही दिसतं. धुळीची तपासणी करणारे व्यावसायिकही हीच पद्धत वापरतात. छताला टांगायचे हवा गाळणारे डबे हा यानंतरचा विचार. ते मागे राहिलेली धूळ हळूहळू कमी करतात. कापणाऱ्याच्या नाकापर्यंत धूळ मात्र त्यांच्याआधी पोचलेली असते.

कोटेशनमधली एक ओळ

आपल्या देशाला हे माहीत नव्हतं असं नाही. १९४८च्या कारखाने कायद्याच्या १४व्या कलमानं सांगितलं होतं की धूळ ओढणारं साधन धुळीच्या उगमाच्या शक्य तितक्या जवळ लावावं. पण तो कायदा कारखान्याचा होता. फ्लॅटच्या बेडरूममध्ये तीन सुतार काम करतात तिथे तो कधी पोचला नाही. तिथे मालक कंत्राटदाराकडे बोट दाखवतो, कंत्राटदार मिस्त्रीकडे, आणि मिस्त्रीच्या मजुरीत एक्स्ट्रॅक्टर मावत नाही.

पैशाची वाट अगदीच बंद नाही. केंद्र सरकारच्या २०२३च्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत आणि सुतारकाम त्यांतलं एक. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं साहाय्य आणि पुढे एक व दोन लाखांच्या टप्प्यांत ५ टक्के व्याजाचं कर्ज त्यात आहे. ज्या सुताराला कर्ज काढायचंच आहे, त्यानं पहिल्या टप्प्यात पाइप जोडता येणारी करवत आणि 'एम' वर्गाचा एक्स्ट्रॅक्टर ही जोडी घ्यावी. धूळ न करणाऱ्या मिस्त्रीला राहत्या घरातली कामं जास्त मिळतात. राहत्या घरात कपाट करून घेणारं कुटुंब याचे पैसे आनंदानं देईल, त्यांना फक्त हे शक्य आहे असं कुणी सांगत नाही.

म्हणून माझी विनंती काम देणाऱ्यांना आहे. आपण कोटेशनमध्ये प्लायचा ब्रँड लिहून घेतो, आयएस ७१० की ३०३ हे विचारतो, बिजागऱ्या हळू मिटणाऱ्या हव्यात हे सांगतो, सनमायकाचा नंबर पाठ करतो. त्यात आणखी एक ओळ घालावी: कापकाम एक्स्ट्रॅक्टर जोडलेल्या करवतीवर होईल, आणि त्याचं भाडं किंवा घसारा वेगळा लावला जाईल. दर वाढेल, तो द्यावा. एका फ्लॅटच्या इंटीरियरच्या खर्चात ही रक्कम एखाद्या झुंबराइतकीही भरणार नाही. हौशी सुतारांनीही नवी करवत घेण्याआधी हाच हिशेब करावा. करवत आणि एक्स्ट्रॅक्टर मिळून एक अवजार होतं, आणि दुसऱ्यासाठी पैसे नसतील तर पहिलं अजून परवडलेलं नाही.

हाय विकमला हे कळायला अनेक माणसांची आयुष्यं लागली. आपल्याकडे ते आधीच छापील स्वरूपात आहे, यंत्रं बाजारात आहेत, आणि ती कशी निवडायची हे अवघडही नाही. उरतो तो फक्त पैसे कुणी द्यायचे हा प्रश्न, आणि ज्याच्या घरात कपाट उभं राहणार आहे त्यानंच ते द्यावेत.